बऱ्या माणसाला शॉक

माझा भाऊ चांगला ठणठणीत होता आणि आम्ही त्याला शॉक द्यायला नेत होतो. हे मी त्या वर्षात इतक्या जणांना समजावून सांगितलं की शेवटी माझी मलाच चीड यायला लागली. वेड लागलेल्या माणसाला शॉक देतात हे लोकांना पटायचं. चौघं जण धरतात, माणूस ओरडतो, असं सगळं त्यांनी सिनेमात बघितलेलं असायचं. पण बरा माणूस सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो, चपला काढून टेबलावर आडवा होतो आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठून चहा मागतो, हे काही केल्या कुणाच्या गळी उतरत नव्हतं. सगळ्यात जास्त अडून बसली होती ती आमची माय.

आम्ही धनगर. गाव वैजापूरकडचं. वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागं फिरतीवर असायचे आणि माय घर, थोडी कोरडवाहू जमीन आणि सगळ्या भावकीची उणीदुणी सांभाळायची. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या घरातला पहिला दहावी पास, पहिला आयटीआयवाला, पहिला बुटात पाय घालणारा. औरंगाबादला चिकलठाण्याच्या बाजूला तेव्हा कारखाने असे भराभर उभे राहत होते की लोखंड कातायच्या लेथवर हात बसलेला टर्नर सहा महिने रिकामा राहिला, तर लोक विचारायचे, तुला झालंय तरी काय? दादाला काय झालंय, हे आम्ही कुणाला सांगत नव्हतो.

मी कॉलेजसाठी त्याच्याकडेच राहायला आले होते. गारखेड्यात पत्र्याची एक खोली होती, नळ सगळ्यांत मिळून एक. सकाळी तो पाळीला जायचा, मी कॉलेजला. कॉलेज सुरू असलं तर. कारण ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा दुभंगला होता. एका भिंतीवर 'नामांतर झालंच पाहिजे' आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही'. मी झालंच पाहिजे म्हणणाऱ्यांतली होते. आमच्या गावाकडं हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. तिकडं घरं जळाली होती ती नाव मागणाऱ्यांची, आणि आमच्यातले बरेच जण त्याबद्दल काही झालंच नाही असं तोंड करून बसायचे. मला त्याचा फार राग यायचा. अजूनही येतो.

दादाचा पहिला आजार त्याच भिंतींवरून सुरू झाला. एक दिवस तो कामावरून आला आणि दार लावून घेऊन मला म्हणाला, "माझं नाव बदलायलेत. समद्या गावात लिहून ठेवलंय." मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि पोटाला फडक्यानं बांधून ठेवला, म्हणजे नाव कुणाला चोरता येऊ नये. मशीनमधून माणसं बोलतात, असं तो सांगायला लागला. झोप गेली, जेवण गेलं, आणि चौथ्या महिन्यात नोकरी गेली.

औरंगपुऱ्यात एका गल्लीत मनोविकारांचे एक डॉक्टर होते. खाली दवाखाना, वर त्यांचं घर. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मी ते वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन दहादा म्हणून बघितलं, कारण आजाराचं नाव तरी आपल्याला नीट घेता यावं असं मला वाटत होतं. गोळ्यांनी फारसं काही झालं नाही. आठ शॉक दिले, आणि आठव्यानंतर दादानं दाखला सोडून माझ्या हातात दिला. "हा इथं कसा काय गं?" म्हणाला.

तो पुन्हा कामाला लागला, दुसऱ्या कारखान्यात. गोळ्या चालू होत्या. गोळी मी स्वतः द्यायची आणि त्यानं गिळली की नाही हे त्याला 'आ' करायला लावून बघायची. एक दिवस चुकला नाही. तरीही सहाव्या महिन्यात तो पुन्हा त्या भिंतीपुढं जाऊन उभा राहिला. पुन्हा नोकरी गेली, पुन्हा आठ शॉक, पुन्हा बरा. गावाकडं माय सांगत होती की पोराला कावीळ झाली. पहिल्या वेळीही कावीळच होती, मध्ये एकदा टायफॉइड. भावकीतल्या एका म्हातारीनं म्हटलंही म्हणे, की शहरातलं पाणीच वाईट.

दुसऱ्यांदा बरा झाल्यावर डॉक्टरांनी मला, दादाला आणि गावाहून आलेल्या मायला समोर बसवलं. ते म्हणाले, "बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं. तुमचा मुलगा गोळ्या नीट घेऊनही दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा शॉकनंच उठला. तर मग बरा झाला म्हणून शॉक थांबवायचेच कशाला? आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग तीन आठवड्यांनी, महिन्यानं. गोळ्या चालूच ठेवायच्या. आजार परत येण्याआधीच त्याला अडवायचं." मग त्यांनी न विचारता पुढचंही सांगितलं. याची खात्री देता येत नाही. डोकं दुखेल, अंग दुखेल, काही काही गोष्टी आठवणार नाहीत. त्यांतल्या काही परत आठवतील, काही नाही.

माय उठून उभीच राहिली. "बऱ्या लेकराला करंट लावायचा? कशापायी? आजारी आसता तर गोष्ट येगळी. धडधाकट पोराला टेबलावर झोपवायचं म्हंजी काय!"

माझं डोकं तापलं. मी काहीतरी फाडकन बोलणार, तेवढ्यात दादाच बोलला. तो त्या खोलीत बसलेला आहे हे डॉक्टर, माय आणि मी, तिघंही जवळपास विसरलो होतो.

"माय, आखाडाच्या आधी आपण मेंढरांना टोचून घेतो. तवा ती काय आजारी आसतात का?"

"मेंढरं येगळी, माणूस येगळं."

"नाय. मरायला दोघं सारखीच," दादा म्हणाला आणि डॉक्टरांकडं वळला. "साहेब, मला घ्यायचेत. फकस्त माझी नोकरी ऱ्हायली पाहिजे."

हीच खरी गोष्ट होती. हंगामी कामगाराचे दोनशे चाळीस दिवस सलग भरले की त्याला कायम करावं लागतं. दादाचे दिवस दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतच संपले होते. तिसरा कारखाना त्याला मिळाला तो एका फोरमनमुळं. त्यानं पहिल्या ठिकाणी दादाचं काम बघितलेलं होतं आणि तो म्हणायचा की या पोराचे हात मला पाहिजेत, बाकी काय असेल ते असेल. मध्ये ब्रेक देऊन दिवस मोडायची जी चाल सगळीकडं होती, ती त्यानं दादाच्या बाबतीत होऊ दिली नाही. पण तिसऱ्यांदा पडला असता, तर फोरमनही काही करू शकला नसता. मग गाव, मेंढरं, आणि जन्मभर कावीळ.

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची, आणि भूल देणारे डॉक्टरही त्या दवाखान्यात गुरुवारीच यायचे. हा योगायोग आमच्या फार उपयोगी पडला. गुरुवारी सकाळी मी रिक्षा करायची आणि आम्ही दोघं निघायचो. रात्री दहानंतर त्याला पाण्याचा थेंब नाही. टेबलावर झोपला की हाताच्या शिरेत सुई, तो दहापासून उलटे आकडे म्हणायला लागायचा आणि सहापर्यंत कधी पोचायचा नाही. दातांमध्ये रबर. पायाचे अंगठे थोडे थरथरायचे आणि झालं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी मला दारातून बघू दिलं होतं. मी आरडाओरडा होणार म्हणून पदर तोंडात धरून उभी, आणि तिकडं सगळं आटोपलंसुद्धा. उठल्यावर तो थोडा गोंधळलेला असायचा. "कोणता वार हाय?" विचारायचा. चहात ग्लुकोजची बिस्किटं बुडवून खायचा आणि दुपारी गाढ झोपायचा. शुक्रवारी पहिल्या पाळीला हजर.

विसरायचा मात्र. एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि पुढच्या गुरुवारनंतर तो ते पार विसरून गेला. मी रुसलेली, आणि हा विचारतोय, "काय झालं गं तुला?" भांडण पुन्हा पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आला, म्हणून मी माफ केलं. पण सगळंच गमतीचं नव्हतं. आमच्या आत्येबहिणीच्या लग्नातलं त्याला काहीच आठवेना, आणि त्या लग्नात तो सगळ्यांत जास्त नाचला होता. हे मी सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "जाऊ दे. दुसऱ्या लग्नात नाचू."

हात मात्र काही विसरले नाहीत. लेथवर बसला की सुताइतका फरक त्याच्या बोटांना कळायचा. भिंतींवर रोज नव्या घोषणा यायच्या आणि तो त्यांच्या शेजारून सायकल मारत, शीळ घालत जायचा. शंभर दिवस झाले, दीडशे झाले. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करत होते आणि कुणी बघू नये म्हणून कॅलेंडर दाराच्या मागं लावलं होतं. शॉक आता तीन आठवड्यांवर आले होते. दोनशे दिवस झाले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी नळावर दोन बायकांना माझा नंबर देऊन टाकला.

आणि दोनशेदहाव्या दिवसाच्या सुमाराला माय गावाहून आली.

तिनं घरी खंडोबाची तळी भरली होती. येताना भंडारा आणि खोबरं बांधून आणलं होतं. आमच्यात मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला कपाळभर भंडारा लावतात आणि तळीतलं खोबरं तोंडात घालतात. त्याला नाही म्हणायचं नसतं, ते थुंकायचं तर मुळीच नसतं. गुरुवारी सकाळी मी रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर दादाचं कपाळ पिवळंधमक. मी डोळे फिरवले, पण म्हटलं, भंडारा पुसता येतो, उगीच तोंड कशाला उघडा. रिक्षात तो सगळी वाट बाहेर बघत बसला होता. आम्ही तिघं होतो, एका कडेला माय, दुसऱ्या कडेला तो आणि मध्ये मी. मला काही कळलं नाही.

दवाखान्यात सिस्टरनं हसत हसत स्पिरिटच्या बोळ्यानं त्याच्या कानशिलांवरचा भंडारा पुसला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." दादानं उघडलं. गालात खोबऱ्याचा तुकडा.

"काय खाल्लंय?"

"कायच नाय साहेब," दादा अगदी खरेपणानं म्हणाला. "देवाचं हाय."

चावून अर्धं गिळलं होतं, अर्धं गालात होतं. डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. ते ओरडले नाहीत. आम्हाला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं की भुलीत पोटातलं वर येतं, तोंडातला तुकडा श्वासनलिकेत जातो, आणि माणूस टेबलावरच जातो. आज काही होणार नाही, पुढच्या गुरुवारी या.

औरंगपुऱ्याच्या भर रस्त्यात मी मायला नको ते बोलले. ती म्हणाली, "परसादाला काय जेवण म्हंतात का?" त्यावर मी म्हटलं, "तुझ्या परसादानं आज त्याचा जीव गेला असता." पुस्तकांची दुकानं उघडत होती, लोक थांबून बघत होते, आणि मी थांबत नव्हते. बोलायला नको होतं. तिनं दिवसभर भाकरी खाल्ली नाही. मी समजूत काढायला गेले नाही, कारण मी फार रागावले होते आणि त्याहून जास्त भ्याले होते. तीन आठवड्यांचे चार होणार होते.

रविवारी रात्री दादा नीट झोपला नाही. सोमवारी त्यानं कातलेले दोन जॉब तपासणीत नापास झाले. असं या कारखान्यात कधी झालं नव्हतं. मंगळवारी जाहीर झालं की नामांतरावरून गुरुवारी शहर बंद. बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं किराणा घेऊन येत होतो तेव्हा दादा भिंतीपुढं थांबला. पिशवी खाली ठेवली. बराच वेळ वाचत राहिला आणि हळूच म्हणाला, "माय, हे कुणाचं नाव बदलायलेत?"

मायनं माझ्याकडं बघितलं. तिनं दादाला आजारी पाहिलं होतं ते नोकरी गेल्यावर, पार बिघडलेला गावाकडं नेला तेव्हा. आजार सुरू कसा होतो हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं. धुतलेल्या शर्टातला, हातात साखरेची पिशवी असलेला, चांगला बरा दिसणारा मुलगा, आणि त्याच्या तोंडून तो प्रश्न. तिचा चेहरा एकदम पडला. तिनं पिशवी उचलली, दुसऱ्या हातानं दादाचा दंड धरला आणि त्याला घरी आणलं. मी तशीच तडक औरंगपुऱ्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "मी इथंच वर राहतो, भूलवालेही मागच्या गल्लीत आहेत. आम्ही सातला तयार राहू. तुम्ही कसं येणार?"

"येतो," मी म्हटलं. कसं ते मला माहीत नव्हतं.

सकाळी उजाडता उजाडता निघालो. रिक्षा नाही, बस नाही, दुकानांची सगळी शटरं खाली. गारखेड्यापासून औरंगपुरा म्हणजे तास-सव्वा तासाची चाल. मला वाटलं होतं मायला सांभाळून न्यावं लागेल. ती तर पुढंच निघाली. लग्न होईपर्यंत बापाच्या कळपाच्या पुढं चाललेली बाई ती, मान वळवून न बघता तिला कळत होतं की दादा किती पावलं मागं आहे. तो मध्येच थांबला की तीही थांबायची. भिंत आली की ती भिंतीच्या बाजूनं चालायची, त्याच्या आणि अक्षरांच्या मध्ये. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी कोणती भिंत टाळायची ते तिला बरोबर समजत होतं.

क्रांती चौकात पोलिसांनी अडवलं. लाठी आडवी धरून एक हवालदार म्हणाला, "शहर बंद हाय, ठाव नाय का? कुठं निघाले?"

मी खोटं तयार ठेवलं होतं. पोटात दुखतंय, अपेंडिक्स आहे. मी तोंड उघडणार तोच माय पुढं झाली. जिनं दोन काविळी आणि एक टायफॉइड स्वतःच्या मनानं उभे केले होते, ती चौकात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या ल्येकाला शॉक द्यायला नेतोय."

हवालदारानं दादाकडं बघितलं. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले. "ह्याला? ह्यो तर बरा दिसतो."

"व्हय, बराच हाय!" माय कडाडली. "बराच ऱ्हावा म्हणून नेतोय. डोस्क्याचा आजार हाय त्याचा. पडल्यावर उचलण्यापरीस आधी धरलेला बरा का नाय? आखाडाच्या आधी मेंढरं टोचीत नाय का तुम्ही? का मरायला लागल्यावर टोचता?"

हवालदार बहुधा आमच्याच बाजूचा, खेड्यातला असावा. त्याला मेंढरं कळली. दुसरा पोलीस हसायला लागला. पण मायचं संपलं नव्हतं. गेले आठ महिने मी तिला जे जे समजावलं होतं आणि जे तिनं कानाबाहेर टाकलं असं मला वाटत होतं, ते सगळं ती चौकात उभी राहून त्या दोघांना समजावत होती. गोळ्या येगळ्या, शॉक येगळा. भूल देतात, दुखत नाय. थोडं इसरतं, पण कामाचं इसरत नाय. शेवटी हवालदारानंच हात जोडले. "जा बाई, जा. आमचं डोकं बरं हाय अजून."

दवाखान्याच्या पायरीवर तिनं दादाला थांबवलं. बाजारात मेंढराचे दात बघतात तसं त्याचं तोंड उघडायला लावलं आणि गालात बोट फिरवून बघितलं. मगच आत जाऊ दिलं. दहापासून उलटे आकडे म्हणताना तो त्या दिवशीही सातपर्यंतच पोचला. उठल्यावर त्यानं वार विचारला आणि मग विचारलं, "आपण चालत आलो का? पाय दुखायलेत."

माय दवाखान्याच्या बाकावर बसून रडली, आणि मीही. मी तिला म्हटलं, मागच्या गुरुवारी मी फार बोलले. ती म्हणाली, "तू बोलतीसच. आता गप ऱ्हा." डॉक्टरांनी त्याच आठवड्यात आणखी एक शॉक घ्यायला लावला. रविवारपर्यंत दादा झोपायला लागला, आणि पुढच्या आठवड्यात फोरमननं त्याचा एकही जॉब परत केला नाही.

दोनशे चाळीस दिवस भरले. कारखान्यानं कायम करण्याचा फॉर्म दिला. आता मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. फॉर्मात एक रकाना होता, कोणता आजार असल्यास लिहा. मी, कॉलेजात शिकणारी, नामांतराच्या बाजूनं भांडणारी, मायला लपवाछपवीवरून टोमणे मारणारी मी, दादाला म्हणाले, "काही नाही असं लिही. कुणाला कळतंय?" दादानं पेन घेतलं, रकाना लहान पडला म्हणून पाठीमागं लिहिलं. आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, दर तीन आठवड्यांनी शॉक. खाली सही.

"अरे, हातातलं घालवशील," मी ओरडले. त्यानं फॉर्म घडी करून खिशात घातला आणि सायकल काढली.

नऊ दिवस काही कळलं नाही. त्या नऊ दिवसांत मी दोनदा भात करपवला. दहाव्या दिवशी कामगार अधिकाऱ्यानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या डॉक्टरांचा कागद टेबलावर होता, फोरमनही बाजूला उभा होता. त्या केबिनमध्ये काय झालं ते दादानं आम्हाला संध्याकाळी शब्दन् शब्द सांगितलं. अधिकारी म्हणाले, "हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं? का लिहिलं?"

दादा म्हणाला, "साहेब, लिहिलं नसतं तर दर येळेला खोटं बोलावं लागलं आसतं. खोटं बोललो की मला झोप लागत नाय. झोप गेली की मी जातो. मला जायचं नाय."

अधिकाऱ्यांनी फोरमनकडं बघितलं. फोरमन म्हणाला, "साहेब, या पाळीत स्वतःच्या मशीनची एवढी काळजी घेणारा दुसरा नाही. हा तर स्वतःचीही घेतो." अधिकाऱ्यांनी सही केली.

मायनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि नळावर जाऊन प्रत्येक बाईला दाखवला. मायनंच मागं सांगितलेलं आठवून एकीनं विचारलं, पोरगा आजारी होता ना मागं, काविळीनं? माय म्हणाली, "कावीळ कुठली! डोक्याचा आजार हाय त्याला. अजून हाय. शॉक घेतो आन कामावर जातो." तिला इतकं मोठ्यानं हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, "तुझं काय चुकलं? तू माझ्यापायी भ्यायलीस. मी माझ्यापायी नाय भ्यालो, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला कायम कामगार म्हणून निघाला. मी दारात उभी राहिले. रोजच राहायची. दोन वर्षं मी त्याची पाठ बघत आले होते ती एका कारणासाठी. सायकल नीट धरलीय का, मान उगीच वळतेय का, स्वतःशी पुटपुटतोय का, हे सगळं तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत तपासायचं. त्या दिवशी तो वळणावरून गेला आणि माझ्या लक्षात आलं की मी काहीच तपासलं नव्हतं. मी नुसती माझ्या भावाकडं बघत होते.